वीसच्या आतला पट

(अर्धापूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळचा हा एक तास आम्ही शाळेसाठी मागून घेतला आहे. कापसाच्या भावाचं दुपारी आहेच. मघाशी मंडपात शिरताना कुणीतरी म्हणालं, "शाळेचं काय, मास्तर लोक बघून घेतील." मास्तर लोक त्यांचं बघतात. त्यांच्या संघटना आहेत, भक्कम आहेत, आणि बदलीच्या प्रश्नावर थेट मुंबई गाठतात. पण पोरं आपली आहेत. पोरांची संघटना नसते.

अर्धापूरला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. इसापूरच्या धरणाचं पाणी आहे, बाग आहे. इथं बसलेल्यांत मात्र कालव्याखालचे थोडेच. बाकी आपण कंधार, मुखेड, लोहा, भोकरकडचे; कापूस आणि ज्वारी पेरून आभाळाकडे बघत बसणारे. ज्या शाळांबद्दल बोलायचं आहे त्याही आपल्यासारख्याच कोरडवाहू आहेत. वाडीवरच्या, तांड्यावरच्या, दोन खोल्यांच्या.

काटछाट आपल्याला कुणी शिकवायला नको. पाऊस गेला की घरात कात्री लागते. आधी कपडालत्ता थांबतो. मग चहातली साखर कमी होते, पोरीचं लग्न एक साल पुढं जातं. मग शेळी बाजारात जाते, आणि अगदीच भागेना तेव्हा बैल. पण ज्वारीचं बी जिथं ठेवलं असेल तिथं हात जात नाही. उपास काढतात, पण बी मोडून खात नाहीत. कात्रीला असा क्रम असतो, आणि तो घरातली माणसं चुलीपुढं बसून ठरवतात. शेजारच्या गावचा सोयरा येऊन ठरवून जात नाही.

सरकारने काटकसर करू नये, असं आम्ही म्हणत नाही. जरूर करावी. सरकारचा पैसा म्हणजे तुमच्या-आमच्या काडेपेटीवरचा आणि डिझेलवरचा कर. आमची तक्रार क्रमाची आहे.

आता सरकारचा क्रम बघा. २०१७ च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं ठरलं. ओरड झाली, काही बंद झाल्या, काही राहिल्या. २०२२ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची माहिती मागवली. आकडा निघाला १४,७८३ शाळा, १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. २१ सप्टेंबर २०२३ ला समूह शाळेचा विचार पुढं आला. म्हणजे आसपासच्या लहान शाळा उचलायच्या, एका मोठ्या शाळेत घालायच्या, पोरं गाडीने आणायची. उदाहरण दिलं पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं. १५ मार्च २०२४ ला शिक्षकांच्या संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीला वीसच्या आत पोरं असतील तर तिथं शिक्षकाची जागा शून्य! आणि ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे बरोब्बर शिक्षकदिनी, हुकूम निघाला की लहान शाळेतल्या दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना पंधरा हजार मानधनावर. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक रजा टाकून रस्त्यावर आले. हुकूम आधी बदलला, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाला.

ही मानधनाची युक्ती जुनीच. २००० साली शिक्षणसेवक आणला तेव्हा प्राथमिकच्या मास्तरला महिना तीन हजार देत होते. त्यात सालगडीसुद्धा राहिला नसता.

वरच्या आकड्यांचा भागाकार आम्ही केला. शाळेमागे साडेबारा पोरं आणि दोन मास्तर. मुंबईत बसून हा आकडा पाहिला तर कुणालाही वाटेल की ही उधळपट्टी आहे. आम्हालाही क्षणभर वाटलं. म्हणून आम्ही कागद बाजूला ठेवला आणि आमच्याच वाडीवरच्या शाळेचा हिशेब मांडला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तशी वाडी इथल्या निम्म्या लोकांच्या गावाला आहे.

वाडीच्या पटावर चौदा पोरं. वर्ग चार, मास्तर दोन. शाळा बंद केली तर सरकारचं काय वाचतं? दोन मास्तरांचा पगार वाचतो असं पहिल्यांदा मनात येतं. पण त्यांना कुणी घरी पाठवत नाही. त्यांचं दुसरीकडे समायोजन होतं, पगार चालूच राहतो. मध्यान्हाची खिचडी पोराबरोबर नव्या शाळेत जाते, तिथंही शिजतेच. पुस्तकं तिथंही लागतात. मग त्या वर्षी खरोखर वाचतं ते शाळेचं अनुदान. तीस पोरांपर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये. त्यात खडू, झाडू, विजेचं बिल, नळाची तोटी, सगळं बसवायचं असतं. एका औताच्या दुरुस्तीला जेवढे लागतात तेवढे.

आता दुसरी बाजू. वाडीपासून मोठ्या गावची शाळा तीन किलोमीटर. मध्ये ओढा. जीपवाला पोरामागे महिना सहाशे धरा. चौदा पोरं, दहा महिने: चौऱ्याऐंशी हजार. दहा हजार वाचवायला चौऱ्याऐंशी हजार! आणि हे चौऱ्याऐंशी हजार सरकारच्या वहीत कुठंच दिसत नाहीत, कारण ते तुमच्या खिशातून जातात. नकद नसतील तर पोरीची आई रोज सोडायला आणि आणायला जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्या दोन फेऱ्या म्हणजे अर्धा दिवस. वेचणी किलोवर असते, अर्ध्या दिवसाचे किलो कुणी भरून देत नाही. दोन-तीन महिने आई जाते. मग म्हणते, राहू दे, धाकट्याला सांभाळ. झाली शाळा! त्या पोरीचं नाव त्यानंतर कुठल्या पटावर येत नाही, आणि हिशेबात ती 'बचत' म्हणून धरली जाते.

एवढं बोललो ते एकतर्फी होऊ नये. सरकारची खरी बचत आज नाही, उद्या आहे. वाडीचा मास्तर निवृत्त झाला की ती जागा भरायची नाही, इथं पैसा वाचतो, आणि तो मोठा आहे. हे आम्ही मान्य करतो. आणि दुसरंही मान्य करतो, थोडं कडू आहे ते. चौदा पोरांची शाळा म्हणजे फार चांगली शाळा, असं नाही. चौथीत एकच पोरगं. खेळायला गडी नाही. दोनपैकी एक मास्तर मतदारयादीच्या कामाला, दुसरा आजारी, की शाळेला कुलूप. चार इयत्ता एका फळ्यावर. काही शाळांत असाही मास्तर आहे की ज्याचं घर नांदेडला आणि मन गाडीच्या वेळेवर. अशी शाळा वाचवा म्हणताना आमचीही जीभ अडखळते. पण शाळा बिघडली म्हणून ती बंद करणं हा उपाय आहे का? इंजिन बिघडलं म्हणून विहीर बुजवत नाही कुणी.

कायदा काय सांगतो तेही ठेवा ध्यानात. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. एका पोरालाही दोन आणि साठांनाही दोन. महाराष्ट्राच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, पुढची तीन किलोमीटरच्या आत. जिथं शाळा देता येत नाही तिथं नेण्याआणण्याची सोय सरकारने करायची. आता किलोमीटर मोजतात कसा, ते महत्त्वाचं. नकाशावर पट्टी ठेवली तर आमच्या ओढ्यापलीकडचं गाव फार जवळ दिसतं. श्रावणात चालून बघावं.

मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. पण तो पाचवीपासून पुढं. दुसरीतल्या पोरीला त्याचा उपयोग नाही, आणि आमच्या वाडीला एसटी येत नाही हा आणखी एक किरकोळ मुद्दा.

आता आपल्या अंगणातला केर. आपल्यापैकी किती जणांची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत? हात वर करा. (थोडे हात वर होतात.) बघा. बाकीच्यांची पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. आमच्याही घरातलं एक जातं, लपवत नाही. आपणच पट खाली आणला आणि आपणच शाळा वाचवा म्हणतो. ज्यांची पोरं वाडीच्या शाळेत उरली ते कोण? ज्यांच्याकडे गाडीचे पैसे नाहीत ते. भूमिहीन, तांड्यावरचे, ऊसतोडीला जाणारे. म्हणजे आज या मंडपात आपण त्यांची वकिली करतो आहोत, आणि त्यांच्यातले इथं फार कमी बसले आहेत.

केर अजून संपला नाही. २०११ साल आठवतं का? नांदेडला डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते. सगळ्या शाळांची एकदम पटपडताळणी केली. पोराच्या बोटाला मतदानाची शाई लावली, म्हणजे तेच पोर दुसऱ्या शाळेत मोजायला नको. जिल्ह्यात लाखाच्या वर नावं नुसती कागदावरची निघाली. त्यावरून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सगळ्या महाराष्ट्रात मोजणी झाली आणि वीस लाखांच्या घरात पोरं जागेवर नव्हती. त्या नावांवर तुकड्या होत्या, अनुदान होतं, तांदूळ होता. आपल्या जिल्ह्यातून निघालेली ही गोष्ट आहे, अभिमान वाटायला हरकत नाही. पण त्या खोट्या पटातली सगळीच नावं मोठ्या संस्थांची होती, असं म्हणून आम्ही मोकळं होणार नाही. आमच्या गावच्या पटावरही चार नावं अशी होती की ती पोरं फडावर कोयता घेतलेल्या बापामागे गेली होती. मास्तर म्हणाला, नाव राहू द्या, नाहीतर जागा जाईल. आम्ही मान हलवली. सगळं गाव गप्प बसलं.

पुढं काय झालं? ज्यांनी शेकड्यांनी खोटी नावं चालवली त्यांच्यावरची कारवाई रेंगाळली, कोर्टकचेरी झाली. २ मे २०१२ च्या निर्णयाने शिक्षकभरती थांबली आणि ती कैक वर्षं जवळजवळ थांबलीच. म्हणजे चोरी झाली तुकड्यातुकड्यांच्या शाळेत आणि मास्तर मिळेना झाला वाडीला. आता मोजणी इतकी कडक की ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार जुळलं नाही तर जितंजागतं पोर समोर बसलेलं असून मोजत नाहीत. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं; एका वेलांटीपायी पोर गेलं पटातून. एकोणीस आणि एकवीस यांत एवढंच अंतर असतं.

पैसा नाही हे खरं की खोटं, यावर आपल्यात वाद होतील. आम्ही दोनच उदाहरणं देतो.

पहिलं अंड्याचं. नोव्हेंबर २०२३ पासून शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. पोरं त्या दिवशी हमखास शाळेत यायची, हे कुठल्याही मास्तरला विचारा. २८ जानेवारी २०२५ च्या निर्णयाने सरकारने त्याचा पैसा थांबवला. द्यायचं असेल तर शाळा समितीने लोकवर्गणीतून द्यावं. या अंड्याचा खर्च राज्यभर मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी सांगितला गेला. त्याआधी जून २०२४ मध्ये लाडक्या बहिणींसाठी वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर झाली होती. आमच्या घरातल्या बायांच्या खात्यावरही ते पंधराशे आले, आणि ते परत घ्या असं आम्ही म्हणणार नाही. म्हटलं तर आज घरी भाकरी मिळणार नाही. पण अंडं ज्या पोराचं काढून घेतलं त्याला खातं नाही आणि मत नाही, एवढं आमच्या ध्यानात आलं.

दुसरं गणवेशाचं. पूर्वी पोरामागे एका गणवेशाला तीनशे रुपये शाळा समितीकडे यायचे, गावातला शिंपी मापं घेऊन शिवायचा. मग ठरलं की सगळ्या राज्याचं कापड एका ठिकाणी घ्यायचं, म्हणजे स्वस्त पडेल. २०२४-२५ मध्ये पावसाळा सरत आला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचला नव्हता, आणि आला तो कुणाला गुडघ्यावर, कुणाला घोट्याखाली. डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा शाळा समितीकडे दिलं. वर्ष गेलं ते गेलं. काटकसर वरून केली की अशी होते. आमच्या शिंप्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. हे २०२३ आणि २०२४ चे निर्णय झाले तेव्हा आपल्या जिल्हा परिषदेत आपण निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आला. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या त्या कशासाठी? प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्याच्या लोकांच्या हाती यावा म्हणून. त्याआधी निजामाचं राज्य आपल्या आज्यांनी भोगलं. मराठी पोराला उर्दूतून शिकावं लागे, आणि गावाने स्वतः शाळा काढायची म्हटलं तरी सरकारची परवानगी. १७ सप्टेंबर १९४८ नंतर गावोगाव लोकांनी जागा दिल्या, दगड वाहिले, मारुतीच्या पारावर भरणारी शाळा चार भिंतीत नेली. २००१ च्या सुमारास वाडीवाडीला वस्तीशाळा निघाल्या तेव्हा गावचीच शिकलेली पोरं-पोरी महिना हजार रुपयांवर शिकवत होती. ही शाळा कुणी वरून टाकलेली नाही.

परदेशात कसं करतात, असा प्रश्न आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांसाठी वेगळं निवडून दिलेलं मंडळ असतं. पैसा कमी पडला की मंडळाला अंदाजपत्रक लोकांपुढं मांडावं लागतं. कुठली शाळा बंद करायची, बस कमी करायची की संगीताचा मास्तर, यावर आईबाप माइकपुढं येऊन भांडतात. भांडूनही शाळा बंद होतात, पण आकडे सगळ्यांना दिसतात. शिकागो शहरात मंडळ निवडलेलं नव्हतं, महापौराने नेमलेलं होतं. तिथं २०१३ मध्ये एका फटक्यात पन्नासेक शाळा बंद झाल्या, आणि त्यातली बहुसंख्य पोरं काळ्या वस्त्यांतली. प्रशासक म्हटला की इकडे काय आणि तिकडे काय.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या दरेवाडीची पोरं ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळा बंद केली म्हणून शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली. दप्तरं घ्या आणि शेळ्या द्या, म्हणाली. शाळा नसेल तर आम्ही शेळ्याच राखणार, मग त्या तरी द्या! मोठ्या माणसांना हे सुचलं नव्हतं.

तेव्हा करायचं काय? सगळ्या शाळा जशा आहेत तशा ठेवा, असं निवेदन द्यायला आम्ही आलो नाही. ते सोपं आहे, आणि तहसीलदार ते घेऊन फाईलला लावतो.

आमचं म्हणणं असं. ज्या शाळेत दोन-तीनच पोरं आहेत आणि पुढच्या तीन वर्षांत वाडीवर नवं पोर येणार नाही, तिथं गावाने स्वतः होऊन म्हणावं की आम्ही जोडून घ्यायला तयार आहोत. पण आधी गाडी, मग कुलूप. गाडी लेखी, तिचा पैसा कुठल्या सदरातून येणार ते लेखी, गाडी बंद पडली तर शाळा परत उघडणार हेही लेखी. पानशेतला पोरं आणायला बस ठेवली म्हणून तरी ते जमलं. बसशिवाय समूह शाळा म्हणजे पाण्याशिवाय पाट. आणि जिथं दहा-बारा-चौदा पोरं आहेत, मध्ये ओढा किंवा रान आहे, तिथं हटायचं नाही. दोन शिक्षक म्हणजे दोन. तिसरं, पट खरा ठेवायचा. फडावर गेलेल्या पोराचं नाव फुगवायचं नाही. त्यापेक्षा त्या पोरांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृह मागायचं, ती तरतूद आहे. खोट्या चार नावांनी शाळा वाचत नाही, उलट तिची बाजू लंगडी होते, हे आम्ही भोगून सांगतो.

आणि हिशेब मागायचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात, कायद्याने. आपल्या गावची समिती कोण, हे निम्म्यांना माहीत नसेल. काहींना तर आपण स्वतः समितीत आहोत हेही माहीत नसेल, सही कुणीतरी घेऊन गेलं एवढंच. पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी फळ्यावर लिहायला लावा. तीस सप्टेंबरचा पट किती, त्यातले आधार न जुळलेले किती. शाळेला वर्षात किती रुपये आले आणि कशाला गेले. दोन्ही मास्तर किती दिवस शाळेत होते आणि किती दिवस दुसऱ्या कामाला जुंपले होते. शेजारची शाळा पायवाटेने किती लांब, पावसाळ्यातली वाट धरून. मास्तरच्या अंगावर धावून जायचं नाही. चांगला मास्तर असेल तर तोच ही माहिती आनंदाने लिहून देईल. वाडीवरच्या आणि तांड्यावरच्या बायांना त्या सभेला आणायचं. त्यांची मजुरी बुडेल म्हणून सभा संध्याकाळी ठेवायची, आणि हे सरपंचाकडून आधीच कबूल करून घ्यायचं.

दुपारच्या चहानंतर कापसाची चर्चा सुरू होईल. त्याआधी, ज्यांच्या गावात किंवा वाडीवर पट वीसच्या आत आहे त्यांनी या उजव्या बाजूच्या लिंबाखाली यावं. आम्ही वही आणली आहे. शाळेचं नाव, पट, मास्तर किती आणि मध्ये ओढा आहे की नाही, एवढं लिहून घ्यायचं आहे. आमच्या वाडीचं पहिल्या पानावर लिहिलं आहे. चौदा होती, आधार न जुळल्यामुळं बारा धरली आहेत.